सासुरवाडी म्हणून जपलेलं माहेर

गेल्या जूनमधली गोष्ट. स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनपासून मैलभर पश्चिमेला शॉटरी नावाचं गाव आहे. तिथल्या एका घरासमोर उभी राहून मी आईला व्हिडिओ कॉलवर ते घर दाखवत होते. गवताचं जाडजूड छप्पर, वरच्या खिडक्यांवर भुवयांसारखं उतरलेलं. लाकडाचे गडद खांब, मधे पांढऱ्या भिंती. पुढे फुलांची नुसती झुंबड. आईने चष्मा लावला.

‘कुणाचं घर म्हणालीस?’

‘शेक्सपिअरच्या बायकोचं.’

‘म्हणजे त्याचंच ना?’

‘नाही गं. त्याचं घर स्ट्रॅटफर्डात. हे तिचं, लग्नाआधीचं.’

‘मग तिचं माहेर म्हण की सरळ!’

मी फोन ठेवला आणि पुन्हा घराकडे पाहिलं. मी तिथे दोन तास होते. पुस्तकांच्या दुकानात चाळलेल्या गाइडबुकांत, फ्रिजवर लावायच्या मॅग्नेटवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बोलण्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा भेटत होती: तरुण विल्यम शेतातल्या पायवाटेने इथे यायचा, इथे त्याने तिचं मन जिंकलं. या गोष्टीत चालणारा तो, बोलणारा तो, येणारा तो, जाणारा तो. ती आपली घरात बसलेली. गोष्ट संपली की तोही जातो, तीही जाते आणि घर पर्यटकांसाठी उरतं.

मराठीत एकाच इमारतीला दोन नावं आहेत. तिच्या बाजूने पाहिलं तर माहेर, त्याच्या बाजूने पाहिलं तर सासुरवाडी. भिंती त्याच, छप्पर तेच. बदलतं ते फक्त कोणाच्या डोळ्यांनी पाहतोय ते. इंग्रजीत असे दोन शब्द नाहीत, त्यामुळे हा प्रश्न तिथे बहुधा उभाच राहत नाही. आईच्या एका वाक्यामुळे माझ्यापुढे तो उभा राहिला. जगभरातून लोक येऊन पाहतात ते ‘ॲन हॅथवेज कॉटेज’ तिच्या नावाने ओळखलं जातं, पण गेली सव्वादोनशे वर्षं ते वाचलं गेलंय सासुरवाडी म्हणून. ते माहेर म्हणून वाचता येईल का, हा या लेखाचा प्रश्न आहे.

*

आधी घर नीट पाहूया, कारण या घराबद्दल बोलणारे लोक घराकडे फार कमी पाहतात.

याचा सगळ्यात जुना भाग पंधराव्या शतकातला, म्हणजे शेक्सपिअरच्या जन्माच्याही शंभरेक वर्षं आधीचा. त्याचा सांगाडा ओकच्या लाकडाचा आहे. पद्धत अशी: मुळातच वाकडं वाढलेलं झाड निवडायचं, ते उभं चिरायचं आणि त्याचे दोन जुळे भाग समोरासमोर उभे करून वर टोकाला जोडायचे. दोन तळहात नमस्काराला जोडावेत तशी ही जोडी जमिनीपासून थेट आढ्यापर्यंत जाते. घराचं वजन या लाकडांवर. भिंती नुसत्या खांबांमधली जागा भरायला. म्हणून त्या भिंती कशाच्या? उभ्या काठ्यांमधून लवचिक फांद्या विणायच्या आणि त्यावर माती, शेण, गवताचा काला लिंपायचा. हे वाचताना मी एकदम थांबले. हा तर आपला कूड! माझ्या आजोळी, रत्नागिरी जिल्ह्यात, गोठ्याच्या भिंती कारवीच्या कुडाच्या होत्या. आजी दरवर्षी दिवाळीआधी त्या शेणामातीने लिंपून काढायची.

छपराचंही तसंच. आपल्याकडे गवताचं छप्पर घालण्याला शाकारणं म्हणतात, आणि ते एकदा करून विसरायचं काम नाही हे शाकारणी करणाऱ्याला माहीत असतं. इंग्लंडात गव्हाच्या काडाचं छप्पर साधारण पंचवीस-तीस वर्षं टिकतं. आढ्यावरचा थर त्याआधीच, दहा-पंधरा वर्षांत, बदलावा लागतो. शिवाय १९६९ साली या घराला आग लागली आणि बरंच छप्पर जळालं. ते नव्याने घातलं. म्हणजे आज आपण फोटोत टिपतो त्या छपराची बाहेरून दिसणारी एकही काडी ॲनने पाहिलेली नाही. यात फसवणूक काही नाही. गवताचं घर टिकतं ते असंच, दर पिढीने नवं गवत चढवलं म्हणून.

आत गेलं की कळतं, सुरुवातीला मधली खोली छपरापर्यंत उघडी होती. चूल मधोमध, धूर वर गवतातून वाट काढणार. पुढे मधे मजला घातला गेला, धुरांडी आली. ॲनचा भाऊ बार्थोलोम्यू याच्या काळात, सतराव्या शतकात, एका बाजूला उंच भाग वाढवला गेला. खारवलेलं मांस ठेवायच्या कपाटावर १६९७ हे साल आणि घरातल्यांच्या नावांची आद्याक्षरं कोरलेली आहेत. लोकांनी गरज पडेल तसं घर वाढवलं, पैसे आले तसं सुधारलं, आणि कुठेतरी आपलं नाव कोरून ठेवलं.

आणि मुख्य म्हणजे हे कॉटेज नव्हतंच. याचं जुनं नाव ह्यूलँड्स. नव्वदेक एकरांचं शेत, मेंढ्या, आणि त्या शेताचं हे राहतं घर. कॉटेज म्हणजे मजुराची झोपडी. हॅथवे मजूर नव्हते, बऱ्यापैकी खातेपिते शेतकरी होते. ‘कॉटेज’ म्हटलं की घर छोटं होतं, गोड होतं, त्यातली माणसं साधीभोळी होतात आणि शेत गायब होतं. शेत गायब झालं की त्या घरातली बाई दिवसभर काय करत होती हा प्रश्नही जातो. मग तिला खिडकीत बसून कवीची वाट पाहण्याखेरीज काम उरत नाही.

*

ही सासुरवाडीची गोष्ट सुरू कुठे झाली?

शेक्सपिअर गेला १६१६ साली. त्यानंतर पावणेदोनशे वर्षं या घराकडे फारसं कुणी फिरकलं नाही. मग १७९० च्या दशकात सॅम्युअल आयर्लंड नावाचा लंडनचा चित्रकार आणि संग्राहक आपल्या मुलाला घेऊन स्ट्रॅटफर्डला आला. त्याला एव्हन नदीकाठच्या दृश्यांचं पुस्तक काढायचं होतं आणि शेक्सपिअरच्या वस्तूंचं तर त्याला वेडच होतं. एका स्थानिक हौशी कवीने त्याला गाव फिरवून दाखवलं. शॉटरीच्या या घरातून त्याने एक ओकची खुर्ची विकत घेतली. का, तर म्हणे या खुर्चीत बसून शेक्सपिअर ॲनशी प्रेमाच्या गोष्टी करायचा. १७९५ मध्ये त्याचं पुस्तक आलं, त्यात या घराचं चित्र होतं. तिथून हे घर नकाशावर आलं.

आता त्या मुलाचं ऐका. विल्यम हेन्री आयर्लंड. वडिलांचं शेक्सपिअर-वेड पाहून या विशीतल्या मुलाने जुन्या कागदांवर, बनवलेल्या शाईने शेक्सपिअरचे ‘सापडलेले’ कागद लिहायला सुरुवात केली. करारनामे, सह्या, अख्खी नाटकं. आणि या सगळ्यात होतं शेक्सपिअरने ॲनला लिहिलेलं एक प्रेमपत्र. सोबत कविता आणि केसांची एक बटही! लंडनमधले मोठमोठे लोक हे कागद पाहून गहिवरले. १७९६ मध्ये एडमंड मलोन या अभ्यासकाने सगळं बनावट असल्याचं दाखवून दिलं. त्याच सुमारास मुलाने शेक्सपिअरच्या नावावर खपवलेलं नाटक ड्रूरी लेनच्या रंगमंचावर आलं आणि पहिल्याच रात्री लोकांनी ते हसून पाडलं.

बाप खुर्ची घेऊन गेला, मुलाने पत्र लिहिलं. एकाच घरात, एकाच दशकात. बापाचा मुलावर शेवटपर्यंत विश्वास होता असं म्हणतात, म्हणून त्याला लबाड म्हणणं बरोबर नाही. पण दोघांची भूक एकच होती. शेक्सपिअरच्या लग्नाबद्दल प्रेमाचा एक शब्दही कुठे लिहिलेला सापडत नव्हता, आणि लोकांना तो हवा होता. मुलाने तो कागदावर तयार केला, तो पकडला गेला. बापाने तो खुर्चीवर, घरावर चढवला. तो आजही टिकून आहे. ती खुर्चीसुद्धा फिरून या घरात परत आली आहे.

पुढचं काम एकोणिसाव्या शतकाने केलं. कारखान्यांचा धूर वाढला तशी शहरातल्या इंग्रजांना गवताच्या छपरांची ओढ लागली. हेलन ॲलिंगहॅमसारख्या चित्रकार सरे परगण्यातल्या पडायला आलेल्या कॉटेजांची जलरंगातली चित्रं काढत होत्या. दारात फुलं, फाटकाशी एखादी बाई, कडेवर मूल. ॲलिंगहॅमना कळत होतं की ही घरं पाडली जातायत, आणि म्हणून त्या ती नोंदवत होत्या. पण ज्यांनी ती चित्रं दिवाणखान्यात लावली त्यांना त्यात गळकं छप्पर, ओल, खोकला दिसला नाही. आज इन्स्टाग्रामवर ‘कॉटेजकोर’ म्हणून जे फिरतं, त्याचं हे आजोळ.

१८९२ मध्ये शेक्सपिअर बर्थप्लेस ट्रस्टने हे घर ३,००० पौंडांना विकत घेतलं. समोरची फुलांची बाग, जिच्यामुळे फोटो इतका सुंदर येतो, ती विसाव्या शतकातली. १९२० च्या दशकात एलन विलमॉट या नामांकित उद्यानतज्ज्ञ बाईंनी तिची आखणी केली. ॲनच्या काळात तिथे शेतघराचं अंगण होतं. गुरं, कोंबड्या, शेणाचा ढीग, थोडा भाजीपाला आणि औषधी झाडं. ट्रस्टही हे लपवत नाही. हॅथवे कुटुंबाबद्दल, शेतीबद्दल विचारलं तर सांगणारे लोक तिथे आहेत. पण बाग बोलते ती त्यांच्यापेक्षा मोठ्या आवाजात.

*

कागद काय सांगतात? कागद थोडे आहेत, पण मन लावून वाचले तर त्यातून एक वेगळंच घर दिसायला लागतं.

पहिला कागद, रिचर्ड हॅथवेचं मृत्युपत्र, १५८१. रिचर्ड हा ॲनचा बाप. मुलीच्या लग्नासाठी त्याने ६ पौंड, १३ शिलिंग, ४ पेन्स ठेवले आहेत. मृत्युपत्रात तिचं नाव ‘ॲग्नेस’ आहे. त्या काळी ॲन आणि ॲग्नेस ही नावं एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जायची. आणि शेत? ते सांभाळायचं बार्थोलोम्यूने, आईच्या बरोबरीने.

दुसरा कागद, लग्नाचा. नोव्हेंबर १५८२. ती २६ वर्षांची, तो १८ चा, आणि ती गरोदर. मोठी मुलगी सुझॅनाचा बाप्तिस्मा पुढच्याच मे महिन्यातला. लग्न घाईने लावायचं म्हणून वूस्टरच्या बिशपकडे ४० पौंडांचा जामीन लिहून द्यावा लागला. तो कुणी दिला? फुल्क सँडेल्स आणि जॉन रिचर्डसन, शॉटरीचे दोन शेतकरी. दोघंही मुलीकडचे! यातला सँडेल्स तर रिचर्डच्या मृत्युपत्राची देखरेख करणारा माणूस. यावरून पूर्वीच्या चरित्रकारांनी एक रंगतदार कथा रचली: गावकऱ्यांनी कोवळ्या कवीला धरून बोहल्यावर चढवलं. सासुरवाडीच्या बाजूने पाहिलं तर तसंच दिसणार. माहेरच्या बाजूने पाहा. बाप वर्षापूर्वी गेलाय. मुलगी अडचणीत आहे. बापाचे दोन जुने स्नेही चाळीस पौंडांची जबाबदारी अंगावर घेऊन तिच्या पाठीशी उभे राहिले. मुलगा तर अजून अज्ञान, त्याच्या सहीला किंमत नाही. या प्रसंगाला मराठी घरात काय म्हणतील हे मी सांगायला नको.

तिसरा कागद माझ्या सगळ्यात आवडीचा. तो ॲनचा नाही, शेक्सपिअरचा नाही. तो एका धनगराचा आहे. थॉमस व्हिटिंग्टन हा हॅथवेंच्या मेंढ्या राखायचा. १६०१ साली त्याने मृत्युपत्र केलं. त्यात त्याने स्ट्रॅटफर्डच्या गोरगरिबांना ४० शिलिंग ठेवले, आणि हे पैसे कुठे आहेत तेही लिहिलं: विल्यम शेक्सपिअरची बायको ॲन शेक्सपिअर हिच्याकडे.

तारीख लक्षात घ्या. लग्नाला अठरा-एकोणीस वर्षं झाली आहेत. नवरा लंडनमध्ये नावारूपाला आला आहे. गावात त्याने न्यू प्लेस नावाचं मोठं घर घेतलंय, त्याला चार वर्षं झाली आहेत. पोरगा हॅम्नेट जाऊन पाच. आणि माहेरच्या म्हाताऱ्या धनगराचे पैसे तिच्याकडे आहेत. काही अभ्यासक म्हणतात, हे तिने घेतलेलं कर्ज होतं, नवरा पैसे पाठवत नसेल. काही म्हणतात, त्याने ते विश्वासाने ठेवायला दिले होते. मला दुसरं जास्त पटतं. न्यू प्लेससारख्या घराच्या मालकिणीला धनगराकडून दोन पौंड उसने का लागावेत? पण एकटा म्हातारा आपली पुंजी कुणाकडे ठेवील? ज्या घरात आयुष्य काढलं, त्या घरच्या लेकीकडे. ते कर्ज असो की ठेव, एक गोष्ट पक्की: ॲनचं नाव कुणाच्या तरी हिशेबात होतं. शॉटरी ते स्ट्रॅटफर्ड ही पायवाट प्रेमिकाने तुडवली म्हणून प्रसिद्ध झाली. धनगराच्या या कागदामुळे कळतं की लग्नानंतरही त्या वाटेवर जा-ये चालू होती.

चौथा कागद सगळ्यांना माहीत असलेला. १६१६ चं शेक्सपिअरचं मृत्युपत्र आणि त्यात बायकोला ठेवलेला ‘दुसऱ्या क्रमांकाचा चांगला पलंग’. त्यावर लोकांनी इतकं लिहिलंय की मी भर घालत नाही. हा अपमान होता असं म्हणणारे आहेत, तो नवरा-बायकोचा पलंग म्हणून मायेचा होता असं म्हणणारेही आहेत. कॅरल ॲन डफी यांनी १९९९ मध्ये त्या पलंगाला ॲनच्या तोंडून कवितेत मानाचं स्थान दिलं. मला एवढंच म्हणायचंय की या बाईबद्दलची सगळी चर्चा पलंगाभोवतीच फिरते. खुर्ची प्रेमाची, पलंग संसाराचा. धनगराच्या चाळीस शिलिंगांवर मग्गा निघत नाही.

शेवटचा कागद खरं तर पितळेचा. ॲन १६२३ मध्ये वारली, ६७ वर्षांची होऊन. होली ट्रिनिटी चर्चमध्ये नवऱ्याशेजारी तिला पुरलंय. थडग्यावरच्या पट्टीवर लॅटिन ओळी आहेत, आणि त्या बोलतात लेकराच्या तोंडून: आई, तू मला दूध दिलंस, जीव दिलास. जवळच तिचा जगप्रसिद्ध नवरा निजलाय, पण या ओळींना त्याची आठवण होत नाही.

*

इथे एक विचित्र योगायोग आहे. ज्या घरात ॲनने गृहिणी म्हणून पंचवीसेक वर्षं काढली, ते न्यू प्लेस आज नाही. १७५९ साली तेव्हाच्या मालकाने ते पाडून टाकलं. तिथे आता बाग आहे. तिचं सासर म्हणावं असं हेन्ली स्ट्रीटवरचं घर ‘शेक्सपिअरचं जन्मस्थान’ म्हणून ओळखलं जातं. म्हणजे जगाच्या दृष्टीने तिचं असं एकच घर उरलं, ते माहेर. आणि त्यातही तिला शोधायला जावं तर तिथे आधीच एक प्रियकर खुर्ची टाकून बसलाय.

अलीकडे हे चित्र बदलायचे मोठे प्रयत्न झाले. जर्मेन ग्रीअर यांनी २००७ मधल्या ‘शेक्सपिअर्स वाइफ’ या पुस्तकात ॲनवरचे सगळे जुने आरोप एकेक करून उलटतपासले. २०२० मध्ये मॅगी ओफॅरेलची ‘हॅम्नेट’ ही कादंबरी आली. तिची सगळ्यात धीट कृती म्हणजे तिच्यात शेक्सपिअरचं नाव एकदाही येत नाही. तो कधी लॅटिन शिकवणारा मास्तर, कधी नवरा, कधी बाप. आणि बाईला तिने मृत्युपत्रातलं नाव दिलं, ॲग्नेस. म्हणजे बापाच्या घरातलं नाव. इथे ह्यूलँड्स हे शेत आहे, मेंढ्या आहेत, भाऊ आहे, सावत्र आई आहे. माझा पहिला उमाळा असा होता की अखेर कुणीतरी हे घर माहेर म्हणून लिहिलं.

दुसऱ्या वाचनात मात्र खटकलं. ओफॅरेलची ॲग्नेस ससाणा पाळते, वनस्पती ओळखते, माणसाचा हात धरून त्याचं अंतरंग वाचते, बाळंत व्हायला रानात जाते. ती घरापेक्षा जंगलाची लेक आहे. खिडकीतल्या गोड प्रेयसीच्या जागी अद्भुत रानबाई आली. पुस्तक म्हणून ते फार सुंदर आहे, हॅम्नेटच्या मृत्यूची पानं मी लोकलमध्ये वाचली असती तर माझं स्टेशन चुकलं असतं. पण शेतावरची मोठी मुलगी, जिला मेंढ्यांची संख्या, लोणी, दारू गाळणं, नोकरांची मजुरी यांचा हिशेब येत असणार, ती बाई मला तिथेही पुरती भेटली नाही. तिचं अद्भुत असणं तिच्या कामापेक्षा महत्त्वाचं ठरलं. साधी, कर्तबगार बाई आपल्याला कथेसाठी पुरत नाही का?

२०२५ मध्ये क्लोई झाओने या कादंबरीवर चित्रपट केला, जेसी बकली ॲग्नेसच्या भूमिकेत. त्यातलं ह्यूलँड्स शॉटरीचं नाहीच. ते चित्रित झालं हेरफर्डशरमधल्या एका दुसऱ्या जुन्या लाकडी फार्महाऊसमध्ये. त्याची व्यावहारिक कारणं असतीलच. वर्षभर पर्यटकांनी गजबजलेली जागा शूटिंगला कशी मिळणार! तरी मला त्यात एक टीका दिसली. शॉटरीचं घर इतकं सजवलं गेलंय की ते आता स्वतःची भूमिका करू शकत नाही. शेत हवं असेल तर दुसरीकडे जावं लागतं.

*

आता माझ्या वाचनातलीच खोट सांगते. माहेर हा शब्द मी इतक्या मायेने वापरला, पण तो शब्द निष्पाप नाही.

रिचर्डने मुलीला लग्नाची रक्कम दिली, मुलाला शेत. ॲनच्या बापाच्या काळी हे घरही मालकीचं नव्हतं, कुळ म्हणून कसलेलं होतं. १६१० मध्ये बार्थोलोम्यूने ते विकत घेतलं. तेव्हा ॲन जिवंत होती, मैलभरावर राहत होती. आज ज्या घरावर तिचं नाव आहे त्या घराची एक वीटही कधी तिच्या नावावर नव्हती. गंमत म्हणजे पुढे अठराव्या शतकात हॅथवेंचा पुरुष-वंश थांबला आणि घर मुलींच्या वंशातून टेलर आडनावाकडे गेलं. पुढे त्यांना ते विकावं लागलं, तरी कुटुंब भाडेकरू म्हणून तिथेच राहिलं. ट्रस्टने घर घेतलं तेव्हा मेरी बेकर नावाची म्हातारी तिथे होती, माहेरची टेलर. येणाऱ्यांना घर ती दाखवायची, आणि १८९९ मध्ये मरेपर्यंत तीच तिथली राखणदार होती. तेरा पिढ्यांच्या या घराची शेवटची वाट दाखवणारी एक माहेरवाशीण होती.

आईने ‘माहेर म्हण की’ म्हटलं तेव्हा ती हसत होती, पण मला माहीत होतं की त्याच्या चारच महिने आधी तिने हक्कसोडपत्रावर सही केली होती. आजोबा गेले, आजोळचं घर आणि आंब्याची कलमं मामाच्या नावावर करायची होती. कायदा तिच्या बाजूने होता. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच वाटा आहे. मी इथून फोनवर तावातावाने तिला हे सांगितलं होतं. ती म्हणाली, ‘मागितलं तर वाटा मिळेल गं, पण मग जायला माहेर उरणार नाही.’ मामाने साडी दिली. वाईट माणूस नाही तो. आई अजूनही मे महिन्यात आठ दिवस जाते, आणि परत येताना फणसाचे गरे, कोकमं आणते.

म्हणून शॉटरीच्या घराबद्दल मला आता फक्त ‘सासुरवाडी नको, माहेर म्हणा’ एवढं पुरत नाही. माहेर म्हटलं की लगेच जिव्हाळा येतो, ओव्या येतात, डोळे भरून येतात, आणि सातबारा मागे पडतो. प्रेमाच्या खुर्चीने जे काम तिथे केलं, तेच काम कधीकधी आपल्याकडे साडीचोळी करते. या घराचं खरं वाचन करायचं तर दोन्ही गोष्टी एकदम धरायला हव्यात: धनगराने ज्या लेकीवर विश्वास टाकला ती लेक, आणि ज्या लेकीच्या वाट्याला ६ पौंड, १३ शिलिंग, ४ पेन्स आले ती लेक. एकच बाई.

मी ट्रस्टची विश्वस्त असते तर बाग उपटून शेणाचा ढीग घाला असं म्हटलं नसतं. बाग छान आहे, लोकांना आवडते, तिच्यामुळे शाकारणीचा खर्च निघत असेल. मी फक्त एक गोष्ट मागितली असती. खुर्चीशेजारी थॉमस व्हिटिंग्टनच्या मृत्युपत्राची प्रत लावा, तिच्या खुर्चीइतक्याच मोठ्या अक्षरांत.

परत निघताना मी पायवाटेनेच स्ट्रॅटफर्डकडे चालत आले. वाटेत आता घरं आहेत, शाळेचं मैदान आहे, कुत्री फिरवणारे लोक आहेत. पंचवीस मिनिटं लागली. अर्ध्या वाटेवर आईचा मेसेज आला. तिने मी पाठवलेला फोटो झूम करून पाहिला होता.

‘छपराला दरवर्षी हात लावावा लागत असेल ना गं? कोण करतं आता?’

मी तिला लिहिलं, माणसं नेमलेली आहेत, पगारी. ती म्हणाली, बरं आहे. मग थोड्या वेळाने अजून एक मेसेज आला: मामा या वर्षी गोठा पाडतोय. कूड काढायच्या आधी फोटो काढून ठेवायला सांगितलेत.